वकीलपत्राची कुळकथा

वकील म्हटले की आज आपल्यापुढे काळा कोट उभा राहतो. पेशवाईत तसे नव्हते. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस तो वकील. त्याचे बोलणे ते धन्याचे बोलणे. दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांस वकील-इ-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी मुखत्यार, नेमले आणि १७८४ पासून ती मुखत्यारी पेशव्यांचे नायब म्हणून महादजी शिंद्यांनी चालविली. १७९२ साली पुण्यात त्या फर्मानाचा थाटाचा दरबारही झाला. बादशहा धनी, पेशवे त्यांचे मुखत्यार, शिंदे मुखत्याराचे मुखत्यार. आणि दिल्लीत हुकूम चालला तो शेवटच्याचा! दुसऱ्याच्या वतीने बोलणारा धन्याहून मोठा कसा होतो, हे पाहायला आपल्याला विलायतेस जाण्याचे कारण नाही.

इंग्रजी अमलात हा वकील दरबारातून कोर्टात आला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने त्याला कागदाने बांधले. तिच्या तिसऱ्या आदेशाप्रमाणे पक्षकाराने स्वतः किंवा त्याच्या अधिकृत मुखत्याराने सही केलेला लेख असल्याशिवाय वकिलाला त्याच्यासाठी काम चालविता येत नाही. हा लेख म्हणजे वकीलपत्र. दावा संपेपर्यंत, किंवा दोघांपैकी एकजण मरेपर्यंत, ते चालू राहते. मध्येच मोडायचे तर पुन्हा लेखी अर्ज आणि कोर्टाची परवानगी. तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून भागत नाही.

आता पिंपरी-चाकणकडे वळू. कारखान्याच्या दाराशी सभा घेऊ नये म्हणून मालक मनाईचा दावा लावतो. चाकणच्या कामगाराला खेडचे कोर्ट गाठावे लागते. तारीख उद्याची, पाळी रात्रीची. छापील वकीलपत्रावर पन्नासजण भराभर सह्या करतात, आणि नाव, तारीख, पत्ता या जागा कोऱ्याच राहतात. अशा वकीलपत्रांतील उणिवांची लांबलचक यादी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली एका निकालात दिली आहे; तेव्हा हा रोग काही चाकणचाच नव्हे. पण आम्हांस चिंता वाटते ती छापील मजकुरातल्या ‘तडजोड करण्याचा अधिकार’ या शब्दांची. १९७६ च्या दुरुस्तीने तडजोडीच्या लेखावर पक्षकारांची सही हवी असे ठरले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने वकिलाने केलेली सहीही पुरते असे मानले. स्पष्ट सूचनेवाचून वकिलाने अशिलाचा हक्क सोडू नये, असे त्याच न्यायालयाने २०१५ साली बजावले खरे. पण वाद उद्भवल्यावर कामगाराच्या हाती असते काय? न वाचता केलेली सही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराला निराळी वाट दिली होती. नोंदलेल्या संघटनेचा पदाधिकारी त्याच्या वतीने उभा राहू शके. वकील आणायचा तर दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागे. १९७६ साली पारादीप बंदराच्या प्रकरणात मात्र असे ठरले की, वकील हा मालकाच्या संघाचा किंवा कंपनीचा खराखुरा पदाधिकारी असेल तर त्या नात्याने त्याला येता येते. दार बंद, खिडकी उघडी! २०२५ च्या नोव्हेंबरात तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. पदाधिकाऱ्याचा हक्क तीतही आहे.

दिवाणी कोर्टात ही सोय नाही. तेथे पन्नासांसाठी एकाने लढायचे तर पहिल्या आदेशाखाली परवानगी काढावी लागते, आणि तडजोडीपूर्वी सर्वांना नोटीस द्यावी लागते. म्हणून आम्ही वकीलपत्र आधी सभेत मोठ्याने वाचतो, तडजोडीचे वाक्य ठेवायचे की खोडायचे हे हात वर करून ठरवितो, आणि मगच पेन फिरते.