टोपली नसलेली माशी

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे आपण प्राथमिक शाळेतच शिकवतो. मधमाश्यांच्या कुळातही अशी उसनवारी करणाऱ्या जाती आहेत. बंबलबी ही थंड प्रदेशातील गुबगुबीत, केसाळ माशी. आपल्या देशात ती हिमालयात आढळते. तिच्या घरट्यात घुसून, बहुधा तिथल्या राणीला मारून, तिच्या कामकरी माश्यांकडून स्वतःची पिल्ले वाढवून घेणाऱ्या जातींना 'कोकीळ-माश्या' म्हणतात. त्या ओळखायच्या कशा?

रंगावर विसंबले तर फसगतच. युरोपातील 'लॅपिडेरियस' ही बंबलबी काळी, पोटाचे टोक तांबडे. तिच्या घरात घुसणारी 'रुपेस्ट्रिस'ही तशीच काळी-तांबडी. फॅब्रिशियसने १७९३ मध्ये तिला स्वतंत्र नाव दिले खरे, पण अशा सगळ्या घुसखोर माश्यांची वेगळी प्रजाती केली ती फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लपेलतिए यांनी, १८३२-३३ च्या सुमारास. नाव दिले 'सिथिरस', म्हणजे ग्रीक भाषेत कुजबुजणारा. चोराला शोभेल असेच नाव!

खरी खूण मागच्या पायात आहे. कष्टकरी बंबलबीच्या मादीची मागची नडगी बाहेरून सपाट, गुळगुळीत, चकचकीत असते आणि कडेने लांब केसांचे कुंपण असते. हीच तिची परागाची टोपली. कोकीळ-मादीची नडगी फुगीर आणि सर्वभर केसाळ, टोपली नाहीच. ज्याला बाजारहाट करायचा नाही, त्याला पिशवी कशाला? शिवाय तिचे कवच जाड, अंगावरचे केस विरळ आणि पोटाचे टोक खाली वळलेले असते. रुपेस्ट्रिसच्या मादीचे पंख तर चांगलेच काळपट दिसतात.

इथे एक सावधगिरी हवी. टोपली कोणत्याच नराला नसते. म्हणून आधी भिंगाखाली शृंगिकेचे खंड मोजावेत: मादीला १२, नराला १३. पुढे कोकीळ-माश्यांमधलीच जात ठरवायची तर काम आणखी बारीक होते. 'वेस्टॅलिस' आणि 'बोहेमिकस' या दोघी दिसायला जवळजवळ सारख्या. त्यांच्या नरांत शृंगिकेचा तिसरा खंड पाचव्याशी ताडून पाहतात. वेस्टॅलिसमध्ये तो स्पष्टपणे आखूड, बोहेमिकसमध्ये जवळजवळ तेवढाच. (वेस्टा ही रोमन लोकांची चुलीची आणि घराची देवता. दुसऱ्याचे घर बळकावणारीला हे नाव मिळावे, ही गंमतच.)

आता मुख्य प्रश्न. टोपली नाही म्हणजे वंशही वेगळा का? आम्हाला वाटते, वर्गात चर्चेला घ्यावा असा हा मुद्दा आहे. लपेलतिए यांची प्रजाती दीडशे वर्षे टिकली. दुसरीकडे, प्रत्येक घुसखोर आपल्या यजमानापासूनच निघाली असावी, अशीही एक शंका होती. रंग सारखा होता ना! २००७ मध्ये कॅमेरॉन, हाइन्स आणि विल्यम्स यांनी पाच जनुके ताडून बंबलबींची वंशावळ मांडली. तीत सगळ्या सिथिरस एकाच फांदीवर आल्या, म्हणजे रंगाचे साम्य नात्याचे नव्हते. आणि ती फांदी 'बॉम्बस' या बंबलबींच्याच झाडावर होती.

परागाची साधने गमावणे ही राहणीची खूण आहे. आपल्याकडची काळ्या अंगावर निळे ठिपके असलेली 'थायरियस' ही अगदी दूरची कोकीळ-माशी. पराग वाहण्याची सोय तिच्याही पायांवर नाही. रुपेस्ट्रिसचे नाव आता 'बॉम्बस रुपेस्ट्रिस' असे लिहितात. 'सिथिरस' उरले आहे ते उपप्रजातीचे नाव म्हणून, आणि तीत सुमारे ३० जाती आहेत.