मिशनरी मंडळींचीं फुकट पुस्तकें व मराठी वाचक (इ. स. १८१७ ते १८५७)

सनदा, महजर, बखरी व हस्तलिखित पोथ्या यांस संग्राहक जें मोल देतात तें मोल एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ख्रिस्ती मिशनरी मंडळींनीं बाजारांत, घाटांवर व जत्रांत अनोळखी लोकांच्या हातीं फुकट दिलेल्या लहान छापील पुस्तकांस सहसा मिळत नाहीं. याचीं कारणें उघड आहेत. पुस्तक थोडक्या पानांचें, कागद हलका, कर्त्याचें नांव बहुधा नाहीं, आणि मजकूर वाचकाच्या कुलधर्मास दोष देणारा. असला कागद देवघरांत ठेवण्याजोगा नव्हे आणि दप्तरांत ठेवण्यास कांहीं प्रयोजन नव्हे. परिणाम असा झाला कीं, जीं पुस्तकें हजारोंनीं छापलीं गेलीं तीं दुर्मिळ झालीं, आणि ज्या पोथीची एकच नक्कल होती ती रुमालांत बांधलेली सुरक्षित राहिली.

या पुस्तकांनीं किती माणसें ख्रिस्ती झालीं, हा प्रश्न मिशनच्या इतिहासकारांनीं पुष्कळ चर्चिला आहे. प्रस्तुत लेखांत पाहावयाचें तें निराळें. पुस्तक देणाराच्या हातून सुटून घेणाराच्या हातीं पडल्यावर त्याचें काय झालें, एवढाच येथें विषय आहे. देणारांच्या मनांत जो परिणाम होता तो क्वचितच घडला. जो त्यांच्या मनांत नव्हता तो मात्र फार मोठा घडला, असें आमचें मत आहे. त्याचीं प्रमाणें पुढें दिलीं आहेत.

१. छपाईचा आरंभ

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची छपाई प्रथम महाराष्ट्रांत झाली नाहीं. बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम कॅरी यानें पंडित वैजनाथ शर्मा याच्या साह्यानें हें काम आरंभिलें, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचें मराठी भाषांतर इ. स. १८०५ मध्यें निघालें. मुंबईंत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी इ. स. १८१३ च्या फेब्रुवारींत उतरले. कंपनी सरकारचा विचार त्यांस परत पाठविण्याचा होता. परंतु गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन याची वृत्ति अनुकूल पडली, व त्याच वर्षीं कंपनीच्या सनदेचें नूतनीकरण होऊन मिशनरी लोकांस या देशाचें दार उघडें झालें.

छपाई जाणणारा होरेशियो बार्डवेल हा मिशनरी इ. स. १८१६ च्या अखेरीस मुंबईस आला. बालबोध लिपीचे खिळे कलकत्त्याहून आणविले गेले, आणि इ. स. १८१७ च्या मार्च महिन्यांत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतून पहिलें पुस्तक बाहेर पडलें. तें ८ पृष्ठांचें असून त्याच्या १,५०० प्रती काढल्या होत्या. हा आंकडा लेखकूच्या दृष्टीनें पाहिला म्हणजे त्याचा अर्थ ध्यानांत येतो. एकाच मजकुराच्या १,५०० नकला, अक्षरास अक्षर जुळणाऱ्या आणि कोणीं न मागतां तयार झालेल्या, अशी गोष्ट महाराष्ट्रानें पूर्वीं पाहिली नव्हती. पोथीची नक्कल मागणी असेल तेव्हांच होत असे. येथें मागणीच्या आधीं माल तयार होता व त्यास गिऱ्हाईक शोधावयाचें होतें.

पुढें या कामास संस्थांचें बळ मिळालें. लंडन येथें रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी इ. स. १७९९ पासून चालू होती. तिच्या नमुन्यावर मुंबईंत ट्रॅक्ट अॅण्ड बुक सोसायटी इ. स. १८२७ च्या सुमारास निघाली. लंडनच्या मंडळीकडून अशा शाखांस कागदाचें साह्य होत असे. स्कॉटिश मिशनला पुण्यांत राहण्याची परवानगी मिळाली नाहीं, म्हणून तिनें इ. स. १८२३ मध्यें दक्षिण कोंकणांत बाणकोट येथें ठाणें घातलें. पेशवाई बुडून पांच वर्षेंच झालीं होतीं, आणि देशावर धर्माच्या कारणानें क्षोभ होऊं नये अशी एल्फिन्स्टन साहेबाची दक्षता होती.

२. वांटण्याची रीत

पावसाळा सरला म्हणजे मिशनरी एखादा मदतनीस बरोबर घेऊन फिरतीस निघे. मुक्काम चावडीवर, धर्मशाळेंत किंवा देवळाच्या ओसरीवर. चार माणसें जमलीं कीं प्रथम तोंडी उपदेश, मग कांहीं वाचून दाखविणें, आणि अखेर वाचतां येणारांस पुस्तक देणें, असा सामान्य क्रम होता. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर यांसारख्या क्षेत्रांकडे या मंडळींचें विशेष लक्ष असे, कारण एके ठिकाणीं दिलेलें पुस्तक यात्रेकरूच्या गांठोड्यांतून शंभर गांवीं जाईल असा त्यांचा हिशेब होता. गॉर्डन हॉल याचा अंत अशाच फिरतींत झाला. इ. स. १८२६ च्या मार्चांत तो नाशिकास गेला असतां तेथें पटकीची सांथ होती. जवळचीं औषधें व पुस्तकें वांटून मुंबईस परततांना वाटेंत त्यास तोच रोग जडला व ता. २० मार्च रोजीं एका खेड्यांतील देवळाच्या ओसरीवर तो मरण पावला. नव्या कराराचें संपूर्ण मराठी भाषांतर त्याच वर्षीं छापून पुरें झालें. त्याच्या मताशीं ज्यांचा विरोध असेल त्यांसही त्याच्या निष्ठेविषयीं शंका घेतां येणार नाहीं.

परंतु या रीतींत एक अडचण मुळांतच होती. पुस्तक वाचतां येणारासच देणें योग्य. आणि त्या काळीं वाचतां येणारे म्हणजे बहुतकरून भट, भिक्षुक, कुलकर्णी, कारकून व व्यापारी. म्हणजे ज्यांचें धर्मांतर होण्याचा संभव सर्वांत कमी त्यांच्याच हातीं पुस्तकें अधिक पडलीं. शिवाय कारकुनाची रोजची लिपि मोडी. बालबोध ही पोथीची लिपि. धर्मपर मजकूर बालबोधींत पाहण्याची संवय असलेल्या वाचकासमोर पोथीच्याच अक्षरांत पोथीचें खंडन येऊन पडलें. तें पाहून त्यानें तें टाकून द्यावें, किंवा उत्तर द्यावें, या दोहोंपैकीं एक अपरिहार्य होतें.

पहिला प्रकार पुष्कळ घडला. कोरा नसला तरी कागद तो कागदच. वाण्याच्या दुकानीं त्याच्या पुड्या होत. हें मिशनरी मंडळींसही ठाऊक होतें, आणि जें फुकट मिळतें त्याची किंमत राहत नाहीं, या अनुभवावरून पुढें नांवापुरती किंमत घेऊन पुस्तकें विकण्याकडे त्यांचा कल झाला. म्हणून मिशनच्या अहवालांतील वांटलेल्या पुस्तकांचे आंकडे इतिहासकारानें जपून वापरावे. ते आंकडे देणाराच्या हिशेबाचे आहेत. किती पुस्तकें कोठीबाहेर गेलीं एवढेंच त्यांवरून कळतें. किती वाचलीं गेलीं हें त्यांत असूं शकत नाहीं. घेणाराची जबानी अन्यत्र शोधली पाहिजे.

३. उत्तरें

ती जबानी मराठींतच आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं मुंबईचें वर्णन या इ. स. १८६३ च्या ग्रंथांत गणपत कृष्णाजी यांच्या छापखान्याची हकीकत दिली आहे. अमेरिकन मिशनचीं ख्रिस्ती धर्माचीं मराठी पुस्तकें पाहून, आपल्या धर्माचीं पुस्तकें अशींच छापावीं असें गणपत कृष्णाजी यांच्या मनांत आलें. त्यांनीं खटपटीनें शिळाछापाचें यंत्र उभें करून इ. स. १८३१, म्हणजे शके १७५३, मध्यें छापील मराठी पंचांग काढलें. छापील कागदास शिवण्यास तेव्हां कित्येक भटभिक्षुक कचरत असत. तरीही घरोघर नित्य लागणारी वस्तु छापून निघाली, आणि जें यंत्र परधर्माचें म्हणून संशयास पात्र होतें तें तिथिवार सांगूं लागलें.

त्याच वर्षीं दुसरें उत्तर आलें. डॉ. जॉन विल्सन हे इ. स. १८२९ मध्यें मुंबईस आल्यावर त्यांचे शास्त्रीमंडळींशीं जाहीर वाद सुरू झाले. मोरभट दांडेकर यांनीं इ. स. १८३१ मध्यें वाद करून आपला पक्ष श्रीहिंदुधर्मस्थापना या पुस्तकाच्या रूपानें छापून मांडला. विल्सन यांनीं १८३२ मध्यें त्याचें इंग्रजींत खंडन केलें. साताऱ्याचे नारायणराव पुढें सरसावले, तेव्हां १८३४ मध्यें दुसरें खंडन निघालें. येथें संग्राहकांनीं लक्षांत घेण्याजोगी एक गोष्ट आहे. विल्सन यांनीं आपल्या पहिल्या खंडनाच्या आरंभीं दांडेकरांच्या पुस्तकाचें सबंध इंग्रजी भाषांतर जोडलें आहे. प्रतिपक्ष्याचें म्हणणें त्यानें स्वतः जतन करून ठेवावें, असा हा प्रकार होय.

इ. स. १८४२ मध्यें अहमदनगर येथें मिशनचें ज्ञानोदय पत्र निघालें. त्यास उत्तर म्हणून मोरभट दांडेकर यांनीं १८४४ मध्यें उपदेशचंद्रिका हें मासिक काढलें. इ. स. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनारीं पाद्री मंडळींशीं जे वाद केले तेही छापले गेले. पाद्री जॉर्ज बोवेन यांचें त्याविषयींचें इंग्रजी पुस्तक त्याच वर्षीं निघालें. पंचवीस वर्षांत केवढा पालट झाला पाहा. आरंभीं एक पक्ष छापीत होता व दुसरा ऐकत होता. शेवटीं दोन्ही पक्ष छापीत होते आणि न्याय करावयास तिसरा, म्हणजे वाचक, बसला होता. छापखान्यांत जाऊन धर्माचें समर्थन करावयाचें, ही रीत आमच्या शास्त्रीमंडळींनीं उचलली ती विरोधकांपासूनच.

४. पुस्तक आणि माणूस

एखाद्या पुस्तकानें मन पालटल्याचीं उदाहरणें नाहींतच असें नाहीं; परंतु तीं तपासून पाहतां निराळाच बोध होतो. जॉन म्यूर यानें इ. स. १८३९ मध्यें कलकत्त्यास मतपरीक्षा नांवाचें संस्कृत पद्यात्मक पुस्तक छापलें. त्यास उत्तरें देणारांपैकीं सोमनाथ नांवाचा लेखक हा सिहोरचा सुबाजी बापू असावा, असें विद्वानांचें मत आहे. काशींत वाढलेले कोंकणस्थ पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे पाद्री विल्यम स्मिथ याच्याशीं वाद करावयास गेले असतां त्यानें त्यांस म्यूरचें पुस्तक वाचावयास दिलें. नीळकंठशास्त्री यांनीं त्याच्या खंडनार्थ १८४४-४५ च्या सुमारास शास्त्रतत्त्वविनिर्णय हा संस्कृत ग्रंथ लिहिला. आणि पुढें १८४८ मध्यें तेच ख्रिस्ती झाले. धर्मांतर घडलें खरें, पण त्याच्या आधीं अनेक वर्षांचा वाद, वाचन व सहवास होता. हा ग्रंथ शतकाहून अधिक काळ हस्तलिखितांतच राहून अखेर १९५१ मध्यें उज्जैन येथून सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनीं प्रसिद्ध केला. फुकट दिलेल्या एका पुस्तकाच्या उत्तराची पोथी कोणीं तरी जपून ठेवली, म्हणूनच कर्त्याचा पूर्वपक्ष आज आपणांस त्याच्याच शब्दांत वाचतां येतो.

पंडिता रमाबाई यांनीं १९०७ मध्यें लिहिलेल्या आपल्या हकीकतींत असेंच सांगितलें आहे. सिल्चर येथें आपल्या पुस्तकसंग्रहांत लूकच्या शुभवर्तमानाचें एक लहान बंगाली पुस्तक त्यांस सांपडलें. तें तेथें कसें आलें हें त्यांस ठाऊक नव्हतें. देणारा अज्ञात, घेणारा अज्ञात, आणि वाचणारी तिसरीच! तरी बाप्तिस्मा झाला तो इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडांत, आणि मधल्या काळांत पुण्यास त्यांची गांठ पडली ती याच गोऱ्हे यांच्याशीं. पुस्तकानें जिज्ञासा उत्पन्न केली; निर्णय माणसांच्या सहवासांत झाला. बाबा पदमनजी हे १८५४ मध्यें ख्रिस्ती झाले तेही मिशनच्या शाळांतून शिकल्यावर. रस्त्यांत हातीं पडलेल्या एका पुस्तकानेंच मन पालटलें असें यांपैकीं एकाविषयींही म्हणतां येत नाहीं.

५. छापखान्याचा वारसा

अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यानें मराठी खिळ्यांच्या रूपांत पुष्कळ सुधारणा केली. त्याच छापखान्यांत लहानपणीं हें काम शिकलेले जावजी दादाजी यांनीं १८६४ मध्यें स्वतःचा खिळ्यांचा कारखाना व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. काव्यनाटकें व शास्त्रग्रंथ यांच्या ज्या शुद्ध व सुबक आवृत्त्या आपण प्रमाण मानतों त्यांच्या अक्षराची वंशावळ अशी त्या ८ पानी पुस्तकाच्या घराण्याशीं जाऊन भिडते. मूर्तिपूजेचें खंडन करण्यास उभारलेल्या शाळेंतून शिकलेल्या हातांनीं पुराणें छापलीं. हा परिणाम कोणाही मिशनच्या अहवालांत अपेक्षिलेला नव्हता.

सबब संग्राहकांस विनंति आहे ती अशी. पोथ्यांच्या रुमालांत, पोथीच्या पुठ्ठ्यांत अस्तर म्हणून चिकटविलेला किंवा जमाखर्चाच्या कागदांत मिसळलेला असा छापील तुकडा सांपडल्यास तो क्षुल्लक म्हणून टाकूं नये. अशा पुष्कळ पुस्तकांच्या मुखपृष्ठावर छापखाना, साल, आवृत्ति व प्रतींची संख्या छापलेली असे. ती उतरून घ्यावी. समासांत कोणीं कांहीं लिहिलें असल्यास, मग तें मोडींतील उपहासाचें एक वाक्य कां असेना, तें अवश्य टिपून ठेवावें. तुकडा कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याच्या दप्तरांत व कोणत्या कागदांबरोबर मिळाला याचीही नोंद असावी. कारण जागेवरून काढलेला कागद अर्ध्याहून अधिक मुका होतो. देणारांची बाजू त्यांच्या अहवालांत सुरक्षित आहे. घेणारांची बाजू या समासांतल्या अक्षरांत आहे, आणि ती वाळवीच्या आधीं कोणी तरी वाचली पाहिजे.