दोन जिभांचा शब्द

घरात एक बोली आणि कागदावर दुसरी, अशा व्यवहाराला इंग्रजीत 'डायग्लॉसिया' म्हणतात. शब्द मुळात ग्रीक: 'दी' म्हणजे दोन, 'ग्लोसा' म्हणजे जीभ. चार्ल्स फर्ग्युसन यांच्या १९५९ च्या निबंधामुळे तो जगभर गेला. त्यांनी तो फ्रेंचमधून उचलला आणि फ्रेंचमध्ये तो ग्रीसहूनच आला होता. तिथे ग्रंथांतली ग्रीक आणि बाजारातली ग्रीक यांचं भांडण नुसत्या पंडितांचं नव्हतं. शुभवर्तमानाचं बोलभाषेतलं भाषांतर वर्तमानपत्रात छापलं म्हणून १९०१ साली अथेन्समध्ये दंगल झाली आणि आठ माणसं मेली.

प्राचीन ग्रीकमध्ये 'दीग्लोसोस' म्हणजे दोन भाषा बोलणारा, दुभाषी. पण कपटी माणसालाही हाच शब्द. संस्कृतातला 'द्विजिह्व' म्हणजे साप, आणि चहाडखोरही. दोन जिभांच्या माणसाचा संशय फार जुना आहे. मराठीने निदान 'दुभाषी' आणि 'दुतोंडी' हे वेगळे ठेवले, हे बरं झालं.

फर्ग्युसन यांची एक अट मात्र मराठीला नीट लागू पडत नाही. त्यांच्या मते वरची भाषा समाजातल्या कुठल्याच गटाची रोजच्या बोलण्याची नसते. ती सगळ्यांनाच शिकावी लागते. पुण्याच्या घरातही 'केले' कोणी म्हणत नाही, 'केलं'च म्हणतात, हे खरं. पण तिथून प्रमाण मराठीपर्यंतचं अंतर तेवढंच, एका अनुस्वाराचं. घरी 'काहून' म्हणणाऱ्या वऱ्हाडातल्या मुलाला अख्खी नवी जीभ कमवावी लागते. १९६२ च्या लेखननियमांनी पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा दिली. म्हणजे बोली चालेल, पण अवतरणचिन्हांत. निवेदन करणारा प्रमाणातच बोलणार.

हाच मुलगा पुढे जेएनयूत शिकायला येतो आणि शेजारच्या मुनिरक्यात खोली घेतो, तेव्हा त्याच्या तोंडी वऱ्हाडी, प्रमाण मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार जिभा झालेल्या असतात. मुनिरका हे मूळचं टोकस जाटांचं गाव. घरमालक चुलत्याशी हरियाणवीत बोलतो आणि भाडं मागायला जिन्यावर येताना हिंदीत शिरतो. भाडेकरूही फोनवरचं 'काहून' आवरतं घेऊन हिंदीत उत्तर देतो. दोघांपैकी कोणीही दुतोंडी नसतो.