दोन कूलर

आमच्या वाशीमकडे कूलर म्हटलं की खिडकीत बसवलेला, टाकीत पाणी भरायचा तो पत्र्याचा कूलर. कॉम्प्युटरच्या पोटातही एक कूलर असतो, हे बहुतेकांना तो घोंघावायला लागल्यावरच कळतं! सध्या आमचे भाचेराव दणकट प्रोसेसरचा पीसी जोडून घ्यायच्या मागे आहेत, आणि तो ठेवायचा आजीच्या झोपायच्या खोलीत. म्हणून म्हटलं, जरा या आवाजाचा इतिहास बघू.

३८६ च्या काळात प्रोसेसरवर पंखा नसायचाच. १९९३ चा ६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम साधारण १६ वॅट खायचा, आणि तेव्हापासून पंखा घरोघरी आला. पुढे शर्यत एकाच आकड्याची, मेगाहर्ट्झची. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. २००४ चा 'प्रेस्कॉट' पेंटियम ४ तर ११५ वॅटपर्यंत गेला. नखाएवढ्या चिपमधून शंभराच्या बल्बपेक्षा जास्त उष्णता! पंखे किंचाळायला लागले. त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत सोडून दिला. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. कोअर दोन, वेग कमी, खप ६५ वॅट, आणि काम मात्र जास्त.

गंमत म्हणजे हीच वाट पुण्यात आधीच चोखाळून झाली होती. अमेरिका हवा तसा क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला तयार नव्हती. (१९८५ चा क्रे-२ इतका तापायचा की त्याचे सर्किट बोर्ड एका खास द्रवात बुडवून ठेवत.) मग १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एका धगधगत्या प्रोसेसरऐवजी साध्या ट्रान्सप्यूटर चिप्सनी मिळून काम वाटून घ्यायचं. हेतू थंडाव्याचा नव्हता, पण धडा तोच. त्याचे शिल्पकार डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातूनच वेगळा झाला, म्हणजे तेव्हा ते आमच्याच जिल्ह्याचे की!

आता शर्यत पुन्हा रंगली आहे. २०२२ चा कोअर आय९-१३९००के पूर्ण जोरात २५३ वॅट घेऊ शकतो. आणि हीटसिंक काही एसी नव्हे. तो चिपला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. पूर्ण कामात चिप खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम राहत असेल, तर २२ अंशांच्या खोलीत ती ७२ वर थांबेल, आमच्या मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीत ९० वर. शंभराच्या आसपास ती स्वतःच वेग कमी करते. म्हणजे पैसे मोजले वेगाचे, आणि उन्हाळ्यात मिळाला फक्त आवाज.

म्हणून भाचेरावांना सांगितलं ते एवढंच. बायॉसमध्ये वॅटची मर्यादा खाली आण, वेग त्या मानाने फार थोडा घटतो. छोट्या भरधाव पंख्याऐवजी मोठा, सावकाश फिरणारा घे. पत्र्याच्या कूलरचा ओला झोत थेट डब्यावर घेऊ नकोस. आणि सोयाबीन काढणीचा धुरळा बसला की हीटसिंक ब्रशने साफ कर.

असो. उष्णता बाहेर फेकायला पंखा लागतोच, पण शांतता हवी असेल तर आधी ती निर्माणच कमी करावी लागते. इंटेलला हे कळायला २००४ उजाडावं लागलं, आपल्याला निदान वीजबिल बघून तरी कळावं!