बचावफळीची बखर

रत्नागिरीजवळील पाली मागें टाकून दक्षिणेचा हमरस्ता गोमंतकांत उतरला, म्हणजे क्रिकेटची सद्दी संपून फुटबॉलची सुरू होते. तेथील बचावाचे खेळाडू महेश गवळी यांच्या कारकीर्दीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. जमशेदपूरच्या टाटा अकादमींत शिकून ते पुढें कलकत्त्याच्या ईस्ट बेंगॉलकडून व गोव्याच्या धेंपो क्लबाकडून खेळले.

२००३ सालीं जकार्ता येथें ईस्ट बेंगॉलनें थायलंडच्या बेक तेरो सासानास ३-१ नें हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली. त्या संघांत गवळी होते. त्या स्पर्धेचें नांव निघतांच लोकांस बायचुंग भुतियाचे गोल आठवतात. परंतु न झालेल्या गोलांची मोजदाद कोणी ठेवावी? बचाव करणाराची सारी मिळकत त्याच खात्यांत जमा असते!

२०२३ सालीं बेंगळूरच्या सॅफ स्पर्धेंत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांजवर बंदी आली, तेव्हां सहाय्यक गवळी यांनीं उपांत्य व अंतिम सामन्यांत संघ सांभाळला. लेबनॉन व कुवेत हे दोन्ही संघ पेनल्टींवर हरले. दुसऱ्याची रिकामी जागा भरून काढणें हा त्यांचा जन्माचा अभ्यास. तो येथेंही कामीं आला. क्रीडेचा इतिहास लिहिणारांनीं अशांसाठीं एक पान राखून ठेवावें, इतकेंच आमचें मागणें आहे.