इंटरेस्ट म्हणजे नेमकं काय?

मागं आमच्या गटाच्या बैठकीला शिवणकाम शिकवणाऱ्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "शिलाईत कुणाकुणाला इंटरेस्ट आहे?" मागून एक आजी म्हणाल्या, "इंटरेस्ट नको बाई, अजून मुद्दलच फिटंना!" आम्ही सगळ्या हसलो, मॅडमही हसल्या.

पण आजींचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या कानावर हा शब्द बँकेत पडला, तिथं त्याचा अर्थ व्याज. मॅडमनी तो आवड या अर्थानं वापरला. कोर्टकचेरीत गेलं तर तोच शब्द हितसंबंध या अर्थानं येतो, म्हणजे एखाद्या गोष्टीत कुणाचा फायदा गुंतला आहे ते. शब्द एक, अर्थ तीन. आज हदगावहून आम्ही या शब्दाची आणि आपल्याकडच्या त्याच्या भावंडांची गोष्ट सांगणार आहोत.

हा शब्द मूळचा लॅटिन भाषेतला. तिथं 'इंटर' म्हणजे मध्ये आणि 'एस्से' म्हणजे असणं. मध्ये असणं, फरक पडणं, असा त्याचा अर्थ. जुन्या काळी युरोपात ख्रिस्ती धर्मपीठानं व्याज घेणं पाप ठरवलं होतं. मग सावकारांनी वाट काढली. व्याज म्हणायचं नाही, 'पैसे वेळेवर परत न मिळाल्यानं झालेल्या नुकसानीची भरपाई' म्हणायचं. त्या भरपाईला हे नाव पडलं. पुढं 1545 साली इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानं वर्षाला शेकडा दहापर्यंत व्याज घ्यायला कायद्यानं परवानगी दिली. तो कायदा मध्ये रद्द झाला आणि 1571 साली पुन्हा आला. आवड हा अर्थ तर त्याच्याही बराच नंतर चिकटला. म्हणजे व्याजाला सभ्य कपडे घालायला हा शब्द कामी आला होता.

आपला 'व्याज' शब्दही काही साधा नाही. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. शाळेत व्याजोक्ती नावाचा अलंकार शिकवतात. खरं कारण लपवून दुसरंच सांगणं म्हणजे व्याजोक्ती. तोच शब्द मराठीत पैशाच्या वाढीसाठी आला. संस्कृतात या वाढीला वृद्धी म्हणत, आणि व्याजबट्ट्याच्या धंद्याला कुसीद. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पाणिनीनं आपल्या व्याकरणात दहा देऊन अकरा घेणाऱ्यासाठीचा शब्द नोंदवला आहे, आणि तोही निंदेचा शब्द म्हणून.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचे दर दिले आहेत. महिन्याला ब्राह्मणाकडून शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. ज्याच्याकडं सगळ्यात कमी, त्याच्याकडून सगळ्यात जास्त. शेकडा दोन ते शेकडा पाच हे आकडे आपल्याही गावात रोज ऐकू येतात. आजही ज्या बाईच्या नावावर शेत नाही आणि गहाण ठेवायला दागिना नाही, तिलाच पाचाचा भाव सांगतात.

आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. उर्दूत व्याजाला सूद म्हणतात आणि चक्रवाढ व्याजाला सूद-दर-सूद, म्हणजे व्याजावर व्याज. कचेरीतला कागद उर्दूत आणि घरात बोलणं मराठीत, अशी आपल्या आज्या-पणज्यांची गत होती.

शेतकऱ्याच्या घरातले शब्द याहून वेगळे. पेरणीला धान्य उसनं आणलं आणि सुगीला सव्वापट दिलं तर ती सवाई, दीडपट दिलं तर ती दिढी. मृगात एक पोतं आणायचं आणि सुगी झाली की दीड पोतं घालायचं. ऐकायला अर्धंच पोतं जास्त वाटतं. पण मध्ये सहा महिने गेले असं धरलं, तर तो दर महिन्याला शेकडा आठच्या वर जातो. शिवाय मनोती होती. कर्ज देतानाच सावकार काही रक्कम आधी कापून घ्यायचा, तिला मनोती म्हणत. हातात कमी पडायचे, कागदावर पूर्ण लागायचे. आज कर्जातून प्रोसेसिंग फी कापतात तेव्हा आम्हाला या मनोतीची आठवण होते.

एक शब्द मात्र कर्जदाराच्या बाजूचा होता. तो म्हणजे दामदुप्पट. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, असा हा जुना नियम. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या हायकोर्टानंही तो मानला. पण कर्जदाराला हिशेबच माहीत नसेल तर नियम कसा वापरणार? 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना कर्जरोखे हवे होते, कारण त्यावर काय लिहिलंय हे न कळताच त्यांचे अंगठे उठले होते. त्या भागात पुढं गावोगाव रोखे जाळले गेले. मग 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहावा, आणि कोर्टानं कर्जाचा हिशेब मुळापासून तपासावा, अशी सोय त्यात झाली. तो मुलूख इंग्रजांचा होता, आपला निजामाचा. पण दुखणं एकच, न कळलेला कागद.

आता आमच्याच गटाची चूक सांगतो. सुरुवातीची तीन वर्षं आम्ही शेकडा दोननं व्याज घेत होतो, पण ते सगळं पूर्ण मुद्दलावर. समजा, एका बाईनं 10,000 रुपये घेतले आणि दर महिन्याला 1,000 मुद्दल फेडत दहा महिन्यांत फिटवले. आम्ही दर महिन्याला 200 धरायचो, म्हणजे व्याज झालं 2,000. खरं तर मुद्दल कमी होईल तसं व्याज उतरायला हवं. पहिल्या महिन्यात 200, मग 180, मग 160, असं शेवटी 20. बेरीज होते 1,100. दर तोच, शब्द तोच, आणि फरक 900 रुपयांचा. एका ताईच्या लेकीनं वहीत मांडून दाखवलं तेव्हा आम्हाला कळलं. त्या दिवशी ताईकडं बघायला आम्हाला अवघड गेलं. तेव्हापासून आम्ही उतरत्या शिलकीवरच व्याज धरतो.

एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. छोटं कर्ज देणाऱ्या बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं कर्जदाराला माहितीपत्रक द्यायचं, आणि ते तिला समजेल अशा भाषेत. वर्षाचा एकूण दर आणि कापलेली फी त्यात असते. खाजगी सावकारासाठी राज्याचा 2014 चा कायदा आहे. परवाना नसेल तर सावकारी करता येत नाही, चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. म्हणजे जुनी दामदुप्पट आजही जिवंत आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी इंटरेस्ट म्हणो, सूद म्हणो की शेकडा, आपण तीन गोष्टी विचारायच्या. हातात किती पडणार? एकूण किती भरायचे? मुद्दल उतरलं की व्याज उतरणार का? उत्तर रुपयांत घ्या आणि कागद मराठीत मागा.

आणि गटातलं व्याज आपल्याच पेटीत राहतं, वर्षाच्या शेवटी आपल्यातच वाटलं जातं. इथं व्याज आणि हित हे दोन्ही अर्थ एकत्र नांदू शकतात, हिशेब सरळ असेल तर. येत्या बैठकीत आपापल्या गटाची वही उघडा आणि एका कर्जाचं गणित दोन्ही रीतींनी मांडून बघा. त्या आजीला आम्ही तसं मांडून दिलं. त्या म्हणाल्या, "आता जरा इंटरेस्ट आला बघा!"

रामराम.