दस्तऐवजांना उशीर झाला तर : दिवाणी दाव्यांतील मुदती आणि त्यांचे परिणाम

रायपूर : व्यापारी व्यवहारातून उद्भवलेला वाद तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा असेल, तर दस्तऐवज वेळेत दाखल न करणे पक्षकाराला महागात पडू शकते. उरला आणि सिलतरा येथील कारखानदार, पोलाद व्यापारी, तांदूळ गिरणीमालक आणि बांधकाम कंत्राटदार यांच्या अशा वादांसाठी नवा रायपूर येथे स्वतंत्र व्यावसायिक न्यायालय आहे.

व्यावसायिक न्यायालये अधिनियम, २०१५ लागू झाला तेव्हा मूल्याची मर्यादा एक कोटी रुपये होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती तीन लाखांवर आल्यामुळे मोठ्या कंपन्यांसाठी आखलेली कठोर कार्यपद्धती छोट्या व्यापाऱ्यांनाही लागू झाली.

काय दाखल करावे लागते?

या अधिनियमाने व्यावसायिक वादांपुरता दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ बदलला. वादाशी संबंधित आणि आपल्या ताब्यातील सर्व दस्तऐवजांची यादी व प्रती वादीने वादपत्रासोबतच द्यावयाच्या असतात. आपल्या बाजूला प्रतिकूल ठरणारे कागदही त्यातून सुटत नाहीत. सर्व दस्तऐवज उघड केल्याचे शपथेवर सांगावे लागते. दावा तातडीने दाखल करावा लागला असेल, तर न्यायालयाच्या परवानगीने उरलेले दस्तऐवज ३० दिवसांत देता येतात.

प्रतिवादीने आपले दस्तऐवज लेखी जबाबासोबत द्यावयाचे असतात. त्यासाठी समन्स बजावल्यापासून ३० दिवस मिळतात. न्यायालय कारणे नोंदवून, तसेच योग्य वाटल्यास खर्च आकारून ही मुदत वाढवू शकते. मात्र १२० दिवसांनंतर लेखी जबाबाचा हक्कच संपतो. ही मर्यादा बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

मुदत चुकल्यास काय?

वेळेत उघड न केलेल्या दस्तऐवजाचा आधार पक्षकाराला न्यायालयाच्या परवानगीशिवाय घेता येत नाही आणि परवानगीसाठी विलंबाचे वाजवी कारण सिद्ध करावे लागते. जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने दस्तऐवज दडवणाऱ्यावर न्यायालय जबर खर्च लादू शकते. नोटीस मिळूनही पुरेशा कारणाशिवाय दस्तऐवज हजर न करणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढण्याचाही अधिकार न्यायालयाला आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये सुधीर कुमार विरुद्ध विनय कुमार जी. बी. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा भेद केला. दावा दाखल करताना हाती असलेला दस्तऐवज मागे ठेवला असेल, तर वाजवी कारणाची कसोटी लागते. मात्र जो दस्तऐवज त्या वेळी ताब्यात नव्हता आणि नंतर मिळाला, त्याला ती कसोटी तितक्याच कठोरपणे लागू होत नाही.

सामान्य दाव्यांत काय?

व्यावसायिक नसलेल्या दिवाणी दाव्यांतही उशिरा आणलेल्या दस्तऐवजासाठी परवानगी लागते. पण न्यायालये तुलनेने उदार असतात. प्रतिवादीच्या अशा अर्जाकडे सौम्य दृष्टीने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुगंधी विरुद्ध पी. राजकुमार प्रकरणात २०२० मध्ये म्हटले आहे.

दस्तऐवज उघड करण्याचा किंवा ते तपासू देण्याचा स्पष्ट आदेश मोडला, तर मात्र परिणाम गंभीर असतात. आदेश ११ च्या नियम २१ नुसार वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो आणि त्याच कारणावरून नवा दावा आणता येत नाही. प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो. ही टोकाची शिक्षा हेतुपुरस्सर अवज्ञेसाठीच राखून ठेवावी, असे बब्बर सोइंग मशीन कंपनी प्रकरणातील १९७८ च्या निर्णयात सांगितले आहे.

व्यावसायिक दाव्यात दस्तऐवज उघड करण्याचे कर्तव्य पहिल्या तारखेला संपत नाही. दावा निकाली निघेपर्यंत ते कायम राहते. त्यामुळे एखादी पावती, करारपत्र किंवा ईमेल नंतर सापडल्यास ते कधी व कसे मिळाले हे नमूद करून विनाविलंब अर्ज करणे पक्षकाराच्या हिताचे ठरते.